प्रवाहाविरुद्ध दीडपट

दादा नागपूरचं इंजिनिअरिंग अर्धवट टाकून, एक पेटी आणि एक गुंडाळलेली गादी घेऊन घरी परत आला, तेव्हापासून बाबा आणि तो एकमेकांशी बोलेनासे झाले. भांडण असं झालंच नाही. भांडायला बोलावं लागतं. सिंदी मेघेतल्या आमच्या तीन खोल्यांच्या घरात दोन माणसांनी अबोला धरला की उरलेल्या दोघांना फार काम पडायचं. उरलेले दोघं म्हणजे आई आणि मी. बाबा ताटावर बसून म्हणायचे, "मंजे, तुह्या भावाले सांग, कूलरमधी पानी टाक म्हना." दादा त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलेला असायचा. मी म्हणायचे, "दादा, कूलरमधी पानी टाक." दादा म्हणायचा, "बाबाले सांग, टाकलं." बाबा म्हणायचे, "आयकलं मी." हे 'आयकलं मी' सुद्धा ते माझ्याकडे बघून म्हणायचे. पुढे आयुष्यभर शाळेत शिकवताना दोन बाकांमधली भांडणं मिटवायची पाळी आली की मला वाटायचं, याची तालीम माझी घरातच झालेली आहे.

बाबा वर्ध्याच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. कोणती गाडी कधी आली, कधी सुटली, का उशीर झाला, हे पाहण्यात त्यांचा दिवस जायचा, आणि घरी आल्यावरही ते काही डोक्यातून उतरायचं नाही. कुकरची शिट्टी लांबली की ते आतल्या खोलीतून विचारायचे, "काऊन लेट आहे आज?" आईला न्हाणीघरात वेळ लागला तर दारावर टकटक न करता नुसते घड्याळ बघत उभे राहायचे, आणि त्यांचं ते उभं राहणं आतून ऐकू येतं असं आई म्हणायची. अशा माणसाचा मुलगा चार वर्षांची फेरी मध्येच सोडून, कुठल्याशा थांब्यावर उतरून घरी आला होता. बाबांना राग होताच, पण त्याहून जास्त ते गोंधळले होते. उशिरा आलेली गाडी त्यांना समजायची. मधेच उतरलेला प्रवासी समजत नव्हता.

दादाने मागच्या पत्र्याच्या खोलीत आपलं बस्तान मांडलं आणि तिथे तो खेळ सुरू झाला. नागपूरच्या वसतिगृहात तो शिकला होता. खेळ असा की एकजण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो, आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होऊन बसतात. समोर हाताने काढलेला नकाशा, त्यावर डोंगर, जंगलं, किल्ले. सूत्रधार म्हणतो, 'गुहेच्या तोंडाशी राक्षस उभा आहे, काय करता?' आपण म्हणायचं, 'बाण मारते.' बाण लागला की नाही हे वीस बाजूंचा फासा टाकून ठरवायचं. कोणी किती जोरात मारतं, किती अंतर चालतं, किती वेळ श्वास धरतं, या सगळ्याचे नियम एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात होते आणि दादाकडे त्याच्या झेरॉक्सचं बाड होतं. दादा सूत्रधार, मी धनुर्धारी, आणि शेजारच्या किराणा दुकानदाराचा मुलगा गोलू हा मांत्रिक. गोलू माझ्याच वर्गात होता, अंगाने नावाप्रमाणे, आणि आमच्यात सगळ्यात भित्रा. पण मांत्रिक झाला की त्याचा आवाज असा काही खर्जात जायचा की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "कोन पाहुणे आले वं?"

दर रविवारी दुपारी जेवणं झाली की आम्ही बसायचो. आई सांबारवडी तळत असायची. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर; पावसाळ्याच्या अखेरीला ती ढिगाने यायची, आणि तिचं खमंग सारण भरून तळलेल्या वड्यांचा वास पत्र्याच्या खोलीत आला की राक्षस सुद्धा जरा वेळ थांबायचा. फाशांचा आवाज बाहेरच्या खोलीत बाबांच्या कानावर पडायचा. सुरुवातीला त्यांना वाटलं, पोरं जुगार खेळतात. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मंजे, खरं सांग, पैसे लावून राह्यले का हे?"

"नाई बाबा. राक्षस मारून राह्यले."

"मंग ठीक आहे," बाबा म्हणाले, आणि दोन पावलं जाऊन परत वळले. "कोनाचा राक्षस?"

त्या रविवारी आमची गोष्ट अगदी निकराला आली होती. तमाली नावाच्या नदीकाठी आम्ही उभे होतो. नदीच्या वरच्या अंगाला शिलापूर गाव; तिथे पौर्णिमेला राक्षसांची टोळी पडणार, हे आम्हाला कळलेलं. पौर्णिमेला दोन दिवस उरलेले. आदल्या रविवारी आम्ही शिलापुराहूनच होडीने खाली आलो होतो, एका दिवसात. म्हणजे वर जायलाही एक दिवस, असा माझा आणि गोलूचा सरळ हिशोब. दादाने मान हलवली. "उलट्या प्रवाहात चार दिवस लागतीन."

"कोन म्हनते?" गोलू मांत्रिकाचा आवाज विसरून ओरडला.

दादाने बाड उघडून दाखवलं. वल्ह्यांची होडी दिवसाला किती जाते ते दिलेलं होतं. प्रवाहाबरोबर गेलात तर प्रवाहाचा वेग त्यात मिळवा, असंही होतं. आणि प्रवाहाविरुद्ध जायचं असेल तर शेवटी एक ओळ होती, की सूत्रधाराने तारतम्याने ठरवावे. आमच्या दादाचं तारतम्य हा त्या वेळी घरातला सगळ्यात नाजूक विषय होता. गोलूच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. शिलापुरात त्याच्या मांत्रिकाची म्हातारी मावशी होती. मागच्याच महिन्यात त्याने ती स्वतःच्या मनाने निर्माण केली होती.

"चार दिवस काऊन?" दारातून आवाज आला. बाबा बनियनवर उभे होते, दुपारची झोप मोडून. "मंजे, विचार त्याले. चार दिवस कोन्या हिशोबानं?"

मी दादाकडे वळले. दादा म्हणाला, "बाबाले सांग, पानी उलटं असते."

"त्याले सांग, तळेगावकडचा चढ आहे तोई उलटाच आहे. भरलेली गाडी चढते. किती वेळ लागते? दीडपट. लय झालं तं दुप्पट. चौपट कोनतीच गाडी नाई घेत."

"त्यायले सांग, रस्ता खाली सरकत नाई. पानी सरकते."

"त्याले सांग..." आणि इथे बाबांचा धीर सुटला. ते माझ्या डोक्यावरून सरळ दादाकडे बघत म्हणाले, "अरे, पानी किती सरकते? नदीच हाय, रेल्वे हाय का?"

"तुमी कधी बसले का डोंग्यात?" दादा म्हणाला.

"तू बसला का?"

आई हातात झारा तसाच घेऊन दाराशी आली. झाऱ्यातून तेल ठिबकत होतं आणि तिचं लक्ष नव्हतं. कित्येक महिन्यांनी ते दोघं एकमेकांशी बोलत होते, मध्ये कोणी नसताना, आणि बोलत होते ते पृथ्वीवर नसलेल्या नदीत नसलेली होडी किती वेगाने जाईल यावर. आईने मला डोळ्यांनीच खुणावलं, गप्प राह्य. मी गप्प राहिले. वडी मात्र करपली.

पैज कोणी काढली हे आता नक्की आठवत नाही. दादा म्हणतो बाबांनी. बाबा शेवटपर्यंत म्हणत दादाने. पण ठरलं ते असं: माझ्या मामाचं गाव आर्वीकडे, वर्धा नदीच्या काठी. तिथे जाऊन खऱ्या डोंग्यातून, म्हणजे मच्छीमाराच्या लहान होडीतून, एकदा खाली जायचं आणि एकदा वर यायचं. खाली जायला लागलेल्या वेळेच्या दुपटीच्या आत परत आलो तर दादाने कंडक्टरच्या भरतीची परीक्षा द्यायची. दुपटीच्या वर गेलं तर बाबांनी त्याला पुण्याला जाऊ द्यायचं; तिथे त्याचा एक मित्र असले खेळ तयार करण्याचं छोटंसं काम करायचा आणि दादाला केव्हापासून बोलवत होता. एका माणसाचं उभं आयुष्य डोंग्यात घालून नदीत सोडायचं, यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. मला आज वाटतं. माझ्या मुलीने असलं काही ठरवलं असतं तर मी काय केलं असतं, याचा विचार करते तेव्हा माझ्या लक्षात येतं की आईने त्या दिवशी काहीच न बोलून केवढा मोठा धोका पत्करला होता.

दसरा होऊन गेल्यावर आम्ही निघालो. अर्थातच एस.टी.ने. बाबा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, घड्याळ हातात. आई, मी, दादा मागे. आणि गोलू, कारण त्याचा मांत्रिक अजून तमालीच्या काठावर ताटकळत होता आणि निकाल त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा होता. आईने ज्वारीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा आणि डबाभर सांबारवडी घेतली होती. गोलूने वाटेत दोनदा डबा धरून पाहिला. "काकू, मी पकडतो ना, जड असन तुमाले." आईने तो दोन्ही वेळा परत घेतला.

मामा घाटावर वाट बघत उभा होता. मामाला गावात सगळं येत असे, म्हणजे सगळं येतं असं तो सांगत असे. शेजारच्या मच्छीमाराचा डोंगा त्याने मागून आणला होता. मालक लग्नाला गेलेला. "भाऊजी, तुमी फक्त बसा," तो बाबांना म्हणाला. "मी लहानपनापासून या नदीत आहो." नदी पात्रभर वाहत होती, गढूळ, पण फार खवळलेली नव्हती. खाली एका वळणावर महादेवाचं देऊळ दिसत होतं. तिथपर्यंत जायचं आणि परत यायचं. आई आणि मामी घाटावरच थांबल्या, डबा त्यांच्यापाशी. गोलूने मागे वळून डब्याकडे जे पाहिलं ते पाहून मामी म्हणाली, "जा बाबू, पटकन जाऊन येजो."

खाली जाणं म्हणजे काही करणंच नव्हतं. मामाने बांबूने डोंगा लोटला आणि नदीने आम्हाला उचललं. काठावरची बाभळी, बैल, कपाशीची बोंडं, सगळं मागे पळायला लागलं. डोंगा स्वतःभोवती एकदा फिरला. मामा म्हणाला, "मुद्दाम फिरवला." मग दुसऱ्यांदा फिरला, तेव्हा मामाने देवळाकडे बघितलं. देवळापाशी आम्ही पाठमोरे पोचलो आणि थांबता न आल्याने पुढे गेलो. बाबांनी घड्याळ बघितलं आणि खूश होऊन म्हणाले, "राइट टाइम." गोलू दोन्ही हातांनी काठ धरून डोळे मिटून बसला होता.

मग डोंगा वळवला. मामाने वल्हं मारायला सुरुवात केली. जोरात मारत होता, घामाने सदरा पाठीला चिकटला. काठावर एक वाकडी बाभळ होती, तिच्या समोर आम्ही होतो. बऱ्याच वेळाने मी पाहिलं तर तिच्याच समोर होतो. दादाने दुसरं वल्हं घेतलं. बाभळ थोडी मागे गेली. दादा दमला, बाभळ परत पुढे आली. बाबा एकदा घड्याळाकडे, एकदा बाभळीकडे बघत होते. काठावर धुणं धुणारी एक बाई कपडा आपटायची थांबून आमच्याकडे बघत राहिली. आम्ही हळूहळू तिच्या समोरून वर गेलो, मग तितक्याच हळू तिच्या समोरून खाली आलो. शेवटी तिला राहवेना. "काहो," ती ओरडली, "तुमी येऊन राह्यले का जाऊन राह्यले?"

बाबांनी आयुष्यात हजारो प्रवाशांच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती. या प्रश्नाला त्यांनी नुसतं घड्याळ बघितलं.

मामाने वल्हं खाली ठेवलं आणि कबूल केलं की लहानपणापासून तो या नदीत आहे ते पोहायला. डोंगा मालकच चालवायचा. तेव्हा गोलू पहिल्यांदा बोलला. मांत्रिकाच्या नाही, स्वतःच्या बारीक आवाजात. "दोर बांधून काठावरून ओढलं तं?" भुकेपोटी सुचलं असावं. डोंग्यात दोर होता. कसंबसं काठाला लागलो. बाबांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दोराचं टोक खांद्यावर घेतलं. दादा त्यांच्या मागे. मामा आणि गोलू त्यांच्या मागे. डोंगा काठाला आपटू नये म्हणून बांबू घेऊन मी एकटी आत बसले. अशी आमची वरात निघाली.

चिखल घोट्याच्या वर होता. मामा आणि गोलू थोड्याच वेळात मागे पडले. गोलूचा पाय रुतला आणि मामा तो उपसत बसला. दोरावर उरले बाबा आणि दादा. दोघांना वाटत होतं मला ऐकू येत नाही, पण पाण्यावरून आवाज फार स्वच्छ येतो.

"हे धरायचं का?" दादा धापा टाकत म्हणाला. "दोर नियमात नाई."

"गाडी बंद पडली, धक्का मारून आनली, तरी फेरी धरतात," बाबा म्हणाले.

"मंग दीडपट झालं नाई अजून?"

"चूप. ओढ."

दोघं वाकून ओढत राहिले. मग बाबांनी, मागे न बघता, विचारलं, "सोडलं काऊन?"

दादाने दोर खांद्यावर नीट घेतला. "मले काई कळतच नव्हतं, बाबा. पहिल्या वर्षापासून. सारे लिहून राह्यले, आन मी मागं बसून नकाशे काढून राह्यलो. नद्यांचे. वाटलं, पुढच्या वर्षी कळन. नाई कळलं."

"मले सांगाचं ना."

"तुमाले सांगाले गेलतो. दिवाळीत. तुमी म्हनले, आईले सांग."

बाबा थांबले. दोर सैल पडला, डोंगा मागे सरकायला लागला आणि मी बांबू रोवून ओरडले, "बाबा!" बाबांनी झटका देऊन दोर ओढला, त्यांचा पाय घसरला, दादाने त्यांना मागून कमरेला धरलं, आणि दोघंही जसे उभे होते तसे कमरेइतक्या पाण्यात जाऊन बसले. मी घाबरले. बाबांना हसताना मी फार कमी पाहिलं होतं, म्हणून तो कसला आवाज आहे हे मला आधी समजलंच नाही. बाबा पाण्यात बसून हसत होते. दादा त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग तोही हसायला लागला. दोराचं टोक अजून दोघांच्याही हातात होतं.

घाटावर पोचेपर्यंत उन्हं कलली होती. किती पट वेळ लागला हे सांगायला कोणत्याच पुस्तकाची गरज नव्हती. बाबांची दुप्पट केव्हाच मागे पडली होती, आणि दादाची चौपटही. बाबा ओल्या कपड्यांनी आईसमोर उभे राहिले आणि सरळ म्हणाले, "मी हारलो."

"नाई," दादा म्हणाला. "डोंगा आलाच नाई वर. आनला. मी सांगतलेले चार दिवसई चूक होते. मी हारलो."

"तू कसा हारला? पैज दुपटीची होती."

"पैज वल्ह्याची होती. दोराची नाई."

"मी म्हनतो ना मी हारलो म्हनून!" बाबा ओरडले. इतके महिने न बोललेली ती दोन माणसं घाटावर चिखलाने माखून, मीच हरलो म्हणून एकमेकांवर ओरडत होती. आईने डब्याचं झाकण उघडलं. "पह्यले हात धुवा," ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावून मामीकडे तोंड फिरवलं. मामीला वाटलं ठेच्याचा हात डोळ्याला लागला. तिने पाणी आणून दिलं. गोलूने तोपर्यंत चार वड्या संपवल्या होत्या, आणि तोंड भरलेलं असतानाच त्याने जाहीर केलं की त्याचा मांत्रिक शिलापूरला पायी जाणार आहे.

परतीची गाडी शेवटची होती आणि जवळजवळ रिकामी. बाबा या वेळी ड्रायव्हरच्या मागे बसले नाहीत. ते दादाच्या शेजारी, आमच्या पुढच्या सीटवर बसले. दोघांच्या कपड्यांवरचा चिखल वाळून भुरा झाला होता आणि खड्डा आला की त्याची धूळ उडायची.  मग बाबांनी विचारलं, "पुन्यात राह्यशील कोठी?" दादा म्हणाला, मित्राच्या खोलीवर. "जेवाचं?" मेस आहे. "हं," बाबा म्हणाले. पुन्हा थोड्या वेळाने म्हणाले, "तुह्या त्या नदीले एखांदा पूल तं ठेवजो बापा. लोकायचे हाल होतात." दादा म्हणाला, "ठेवतो."

कंडक्टर तिकिटं देत आमच्यापाशी आला. बाबांना ओळखत होता; स्टँडवरचं कोण ओळखत नव्हतं? त्याने बाबांच्या पँटकडे पाहिलं, दादाच्या केसांत अडकलेल्या गवताकडे पाहिलं, आणि काय झालं हे विचारायचं धाडस न झाल्याने त्याने दुसरंच विचारलं. "साहेब, हा पोरगा ना तुमचा? काय करते आता?"

मागच्या सीटवर आईचा हात माझ्या हातावर घट्ट आला. दादा खिडकीबाहेर बघायला लागला. नातेवाईक, शेजारी, गणपतीला भेटणारे, सगळ्यांचाच हा प्रश्न होता, आणि प्रत्येक वेळी बाबा घड्याळ बघून उठून गेले होते. चालत्या गाडीत उठून जायला जागा नव्हती.

"नद्या बनवते," बाबा म्हणाले.

कंडक्टरने जरा विचार केला. "पाटबंधारे खात्यात लागला का?"

"नाई," बाबा म्हणाले, आणि पुढच्या रस्त्याकडे बघत, सगळ्या गाडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं, "पुन्याले."